नवऱ्याला देव मानणारी बायको त्याच्याबद्दल खरं लिहील का? (रमाबाई रानडे वाचताना)

पंचगंगेकाठची

करवीर नगर वाचन मंदिरातनं रमाबाई रानड्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' आणलंय आणि आता निम्मं घर त्याच्यावरनं भांडतंय, म्हणून म्हटलं इथंच धागा काढावा. आमच्या ह्यांचं म्हणणं असं की बायकोनं नवऱ्यावर लिहिलेलं पुस्तक म्हणजे आरती, त्यात खरं काय सापडणार, आणि नवरा पुढारी असला तर मग विचारूच नका. सासूबाईंचं बरोबर उलटं, त्या म्हणतात माणूस घरात कसा वागतो ते बाहेरच्या चरित्रकाराला काय डोंबल कळणार.

टीव्हीवरच्या मालिकेमुळं गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक आहे तरी थोडक्यात सांगते. रमाबाई देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांच्या, जन्म १८६२ चा. डिसेंबर १८७३ मध्ये लग्न, वय अकरा, अक्षरओळख नाही. नवरा महादेव गोविंद रानडे, एकतीस वर्षांचे, पुण्यात न्यायाधीश, पहिली बायको नुकतीच वारलेली. रानडे गेले १६ जानेवारी १९०१ ला आणि पुस्तक आलं १९१० मध्ये, गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या प्रस्तावनेसह.

आता माझं म्हणणं. भक्ती आहे, पानोपानी आहे, नाकारत नाही. पण ही बाई नवऱ्याची बाजू घेता घेता अशा गोष्टी सांगून जाते ज्या त्याच्या शत्रूलाही सापडल्या नसत्या. लग्नाचंच बघा. रानडे विधवाविवाहाच्या बाजूचे, १८६९ मध्ये मुंबईत विधवाविवाह झाला तेव्हा त्याच्या पाठीशी उभे राहून वाळीत पडलेले, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा वडिलांच्या शब्दापुढं गप्प बसून अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. आणि लग्न करून आले ते खोलीत जाऊन दार लावून बसले. हे कोण लिहितंय? ती अकरा वर्षांची मुलगीच. दाराच्या बाहेर तीच होती ना.

तुमचं काय मत? कुणी वाचलंय का?

तांबडा_पांढरा

ताई पुस्तक वाचलंय, कॉलेजात असताना, आणि तेव्हापण डोकं फिरलेलं. माणूस सभेत एक बोलतो आणि घरात दुसरंच करतो आणि बायको लिहिते की ह्यात पण त्यांची पितृभक्ती दिसते. आता ह्याला काय म्हणायचं? आजच्या कुठल्या पुढाऱ्यानं असं केलं असतं तर बिंदू चौकात पुतळा जाळला असता लोकांनी. बाई लिहिते छान, पण वकिली करते नवऱ्याची. तुमच्या मिस्टरांना माझा पाठिंबा.

वाचकवकील

एक मूलभूत शंका. रानडे राजकीय नेते कसे? सरकारी नोकर होते, शेवटी हायकोर्टाचे जज्ज. निवडणूक नाही, तुरुंग नाही, मोर्चा नाही.

पंचगंगेकाठची

@वाचकवकील सर, निवडणुका नव्हत्याच हो तेव्हा लढवायला. सार्वजनिक सभा, म्हणजे लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढं मांडणारी पुण्यातली संस्था, गणेश वासुदेव जोशींनी म्हणजे सार्वजनिक काकांनी १८७० ला काढली, रानडे पुण्यात आले १८७१ ला आणि तिथनं पुढं सभेचं डोकं म्हणजे रानडेच. सरकारी नोकरीमुळं पुढं उभं राहता येत नव्हतं म्हणून मागं बसून अर्ज लिहायचे, दुष्काळाची माहिती गोळा करायची. १८८५ ला मुंबईत काँग्रेस भरली तेव्हा हजर. गोखले त्यांना गुरू मानायचे आणि गांधीजी गोखल्यांना. आता तुम्हीच सांगा नेते की नाही.

आणि सरकारला तर शंभर टक्के ते नेतेच वाटत होते. १८७९ चा मे महिना, वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड चालू, पुण्यात बुधवारवाडा आणि विश्रामबागवाड्याला आगी लागल्या, आणि ह्यांची बदली तडकाफडकी धुळ्याला. तिथं ह्यांची टपाल फोडून वाचली जायची. रमाबाई तेव्हा सतरा वर्षांच्या. इतिहासाच्या पुस्तकात हे एका ओळीत येतं, 'सरकारचा संशय होता', झालं. पण संशय म्हणजे रोज सकाळी दारात येणारं फुटलेलं पाकीट, हे घरातल्या माणसालाच कळतं. पाकीट फुटलंय हे दिसतंय, आणलंय ते सरकारी माणसानं, आणि नवरा त्याच सरकारची नोकरी करायला वेळेवर कोर्टात निघालाय. आणि गंमत म्हणजे हा माणूस चिडत नाही, तिला तेच तर कळत नाही, चिडत कसा नाही हा.

मंगळवारपेठी

भावांनो आणि बहिणींनो, इथं एक गोष्ट कुणीच बोलंना म्हणून मी बोलतो. रानडे आपल्या कोल्हापूरचं!! जन्म निफाडचा असंल पण वाढले इथं. वडील गोविंदराव कोल्हापूर संस्थानात नोकरीला हुते, शाळा इथली, १८५६ ला मग मुंबईला गेले शिकायला. पुढं थोडा काळ इथं संस्थानात न्यायाधीश पण हुते. पुण्यावाले निवांत आपलं म्हणत्यात.

आणि लहानपणीच्या गोष्टी तर नाद खुळा. बैलगाडीतनं कोल्हापूरला येताना रात्रीचं सगळी झोपल्याली, हे दोन-अडीच वर्षांचं पोर गाडीतनं खाली पडलं, गाड्या गेल्या पुढं, आणि मागनं घोड्यावरनं काका येतोय त्याला हाक मारून सांगतंय मी पडलोय. रडणं न्हाई काय न्हाई. दुसरी बर्फीची. आईनं दोन तुकडं दिलं, मोठा तुला आणि ल्हान गड्याच्या पोराला. ह्यानं मोठा दिला त्या पोराला. आणि ती खांबाबरोबर सोंगट्या खेळायची, एका हातानं स्वतःचं दान आणि दुसऱ्या हातानं खांबाचं, आणि खांबाकडनं हारलं की हारलो म्हणून कबूल. आमच्या शाळेत बाईंनी सांगितलेली ही.

तांबडा_पांढरा

@मंगळवारपेठी भावा ह्या गोष्टी गोड आहेत पण घडल्या तेव्हा रमाबाई जन्मल्या तरी होत्या का? मोठ्या माणसांच्या लहानपणीच्या गोष्टी नंतरच तयार होतात. खांब काय साक्षीला येणारे?

मंगळवारपेठी

खांब न्हाई येत पण घरातल्या म्हाताऱ्या येत्यात की. त्यांच्याकडनंच ऐकल्यालं हाय तिनं.

निपाणीची_सून

मंगळवारपेठी दादांनी सहज म्हटलं पण त्यातच खरी मेख आहे. घरातल्या म्हाताऱ्या म्हणजे कोण? रानड्यांची सावत्र आई, विधवा बहीण, आणखी नात्यातल्या बायका. ह्याच बायकांनी रमाबाईंचा जीव नकोसा केला होता. दिवसभर घरकाम आणि रात्री नवरा शिकवतोय, आधी मराठी मग इंग्रजी, आणि सकाळी खाली उतरलं की टोमणे चालू. गव्हर्नर फर्ग्युसनसमोर मुलींच्या शाळेसाठी इंग्रजीत निवेदन वाचून आली तर कौतुक राहिलं बाजूला, घरात जे ऐकून घ्यावं लागलं ते वाचताना माझ्याच अंगाची लाहीलाही झाली. आणि त्याच बायकांकडनं नवऱ्याचं लहानपण विचारून विचारून गोळा केलंय तिनं. भाजी निवडताना, दळताना बोलायचं होत असणार, अजून काय. माझ्या सासूबाई माझ्याशी एरवी धड बोलत नाहीत पण ह्यांच्या लहानपणाचा विषय काढला की तासभर उठत नाहीत, त्यामुळं मला हे चित्र लगेच दिसलं.

पण मला रानड्यांवर राग आहे तो वेगळाच. घरात बायकोला बोलतायत हे ह्या माणसाला दिसत होतं. त्यानं आपल्या बहिणीला, आईला एक शब्द सुनावला नाही. बायकोला मात्र सांगायचं की तू शांत राहा, उलट बोलू नको. सुधारणा सगळी हिच्याकडनं. आणि हिचं काही चुकलं की ओरडणं नाही, मारणं नाही, फक्त अबोला. ती रात्री त्यांच्या तळपायाला तूप चोळत बसायची ना, तो एक प्रसंग आहे बघा, ती चोळतेय चोळतेय आणि हा माणूस बोलतच नाही, पुरे सुद्धा म्हणत नाही. ती शेवटी हरली. त्या दोन पानांवर मला घरकाम सुचेना त्या दिवशी.

वाचकवकील

त्या काळात एकत्र कुटुंबात आईला सुनावणं शक्य होतं का हाही विचार करावा. १८८० च्या पुण्यात आजची फूटपट्टी लावू नये.

निपाणीची_सून

सर, काळ तोच आणि बायको मात्र इंग्रजी शिकून गव्हर्नरपुढं उभी केली. ते शक्य होतं म्हणजे.

तांबडा_पांढरा

+१ निपाणीची सून. एकदम बरोबर पकडलंत.

आणि चहाचं प्रकरण विसरू नका. १८९० ला पुण्यात पंचहौद मिशनमध्ये, म्हणजे ख्रिस्ती मिशनऱ्यांकडं, चहा-बिस्किटं झाली, रानडे होते, टिळक पण होते, आणि नावं छापून आली. मग ग्रामण्य (धर्म बाटला म्हणून वाळीत टाकायचा वाद), शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं. आणि सगळं होऊन शेवटी १८९२ ला रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. सुधारकांचा मुख्य माणूस! चहाच्या कपापायी! इथं रमाबाई काय म्हणतात ते सांगा आता.

पंचगंगेकाठची

मला वाटलंच हे येणार आणि खरं सांगायचं तर मी ह्याचीच वाट बघत होते.

रमाबाईंना ते आवडलं नाही. आणि तसं त्यांनी लिहिलंय. म्हणजे विचार करा, १९१० साल आहे, नवरा जाऊन नऊ वर्षं झालीत, सगळीकडं त्यांना न्यायमूर्ती म्हणून हात जोडतात, प्रस्तावना गोखल्यांची, आणि ही बाई लिहिते की तुम्ही हे करायला नको होतं असं मला वाटलं. आरती म्हणणारं माणूस हा प्रसंग गाळतं. गाळायला काय लागतं, एक पान कमी, कुणी विचारायलाही आलं नसतं.

रानड्यांचं उत्तर पण तिनंच दिलंय. सार असं की मला स्वतःला वाळीत पडून काही फरक पडत नव्हता, पण माझ्या हट्टापायी मित्रांच्या घरात बायकापोरं सोसत होती, त्यांची सुटका होत असेल तर मी कमीपणा घेईन. आता हे उत्तर तुम्हाला पटो न पटो. मला अर्धंच पटतं. तांबडा पांढरा तुम्हाला अजिबात पटणार नाही हे माहीतय. पण तुम्ही रानड्यांवर जो आरोप करताय त्याचा पुरावा बायकोनंच तुमच्या हातात दिलाय की नाही? दुसरं लग्न तिनं लिहिलं. अबोला तिनं लिहिला. प्रायश्चित्त आणि त्यावरची स्वतःची नाराजी तिनं लिहिली. शेवटी निकाल ती नवऱ्याच्या बाजूनं देते हे कबूल, पण साक्ष पूर्ण नोंदवून मग देते. न्यायाधीशाचीच बायको!

आमच्या ह्यांना हे वाचून दाखवलं तर म्हणाले मग तू माझ्यावर काही लिहू नकोस बाई.

तांबडा_पांढरा

हाहाहा. ठीक आहे, साक्षीचा मुद्दा मान्य. निकाल मान्य नाही.

शेकापवाल्याचा_नातू

धागा वाचून आजीची आठवण आली म्हणून लिहितोय, पुस्तकाचं मला माहीत नाही. आमचे आजोबा करवीर तालुक्यातले जुने शेकाप कार्यकर्ते, संयुक्त महाराष्ट्राच्या वेळेपासनं. मोठे नेते नव्हते, पण पंचक्रोशीत वजन होतं. आजोबांबद्दल बाहेरचे लोक सांगायचे ते म्हणजे भाषण, मोर्चा, लाल झेंडा. आजी सांगायची ते सगळं वेगळंच. रात्री अकरा वाजता पंधरा माणसं घेऊन यायचे आणि आल्या आल्या विचारायचे भाकरी हाईत का. मग चूल परत पेटवायची, पिठलं टाकायचं. पीठ संपलं तर शेजारनं उसनं, आणि उसनं फेडायचं पण आजीनंच, कारण आजोबा दुसऱ्या दिवशी कुठल्यातरी मोर्चाला.

निवडणुकीला उभे राहिले तेव्हा आजीची म्हस विकली. म्हस तिच्या माहेरची. आणि पडले. आजी सांगायची, "विलेक्शन त्येंचं आन् म्हस माझी. त्ये पडलं त्ये पडलं, माझं दूद बी गेलं." आम्ही पोरं हसायचो. तीही हसायची. पण पुढं लगेच म्हणायची, "पर मानूस सोन्यावानी हुता, कुनाचं रुपयाला मिंदं न्हाई." तिच्या लेखी ह्या दोन वाक्यांत भांडण नव्हतं. आत्ता कुणी आजोबांवर दोन पानं लिहायला सांगितलं तर मी झेंडा आणि मोर्चाच लिहीन, म्हशीचं कुणाला सुचणार, आणि खरं तर आमच्या घरात राजकारण म्हणजे काय ते त्या म्हशीतच होतं.

निपाणीची_सून

दादा हे एवढंच वेगळा धागा करून लिहा हो. आजींच्या तोंडचं जसंच्या तसं.

मंगळवारपेठी

आजी म्हणजे विषय हार्ड 🙏

वाचकवकील

आता उलट्या बाजूचं एक उदाहरण देतो, इथं नेता आठवण काढतोय बायकोची. यशवंतराव चव्हाण. त्यांचं गावही देवराष्ट्रेच, म्हणजे रमाबाईंचं माहेर आणि यशवंतरावांचं जन्मगाव एकच, सागरेश्वरजवळचं, आता सांगली जिल्ह्यात. आणि आपल्या राजाराम कॉलेजचे पदवीधर, १९३८. (मंगळवारपेठी, हेही आपलेच घ्या.)

लग्न २ जून १९४२ ला, वेणूताई फलटणच्या. दोन महिन्यांत चले जाव सुरू झालं आणि यशवंतराव भूमिगत. लग्नानंतरची पहिलीच संक्रांत, जानेवारी १९४३, आणि पोलिसांनी वेणूताईंना पकडून नेलं, नवरा सापडत नाही म्हणून. राजकारणाशी त्या मुलीचा संबंध काय तर कुंकू लावलं एवढाच. सुटल्यावर फलटणला आजारी पडल्या, यशवंतराव भेटायला गेले आणि तिथंच अटक झाले. म्हणजे एवढे महिने सरकारला न सापडलेला माणूस बायकोच्या आजारपणात सापडला. पुढं मुख्यमंत्री, संरक्षणमंत्री, सगळं झालं. वेणूताई गेल्या १ जून १९८३ ला, लग्नाच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. कराडला त्यांच्या नावानं स्मारक केलं आणि स्वतःचा ग्रंथसंग्रह तिथं दिला. २५ नोव्हेंबर १९८४ ला स्वतः गेले. दीडच वर्ष काढलं.

माझा मुद्दा असा की वेणूताईंनी स्वतः लिहिलं असतं तर आपल्याला त्या संक्रांतीबद्दल काय कळलं असतं? आता ती संक्रांत आपल्याकडं येते ती यशवंतरावांच्या अपराधी वाटण्यातनं.

पंचगंगेकाठची

वकीलसाहेब क्या बात. हे डोक्यातच आलं नव्हतं. बायकोनं लिहिलं तर भक्ती, नवऱ्यानं लिहिलं तर अपराधीपणा.

लायब्ररीतला_पंखा

सगळ्याच पुढाऱ्यांच्या बायका भक्तिभावानं लिहितात असं नाही हं. कम्युनिस्ट पुढारी कॉम्रेड डांग्यांच्या पत्नी उषाताई डांगे ह्यांचं आत्मचरित्र मिळालं तर बघा. स्वतः गिरणी कामगारांत काम केलेली बाई, नवरा मीरत खटल्यात (इंग्रज सरकारनं कम्युनिस्टांवर भरलेला कटाचा खटला) आत, आणि लिहिण्याचा बाज असा की नवऱ्याला कुठं सोडत नाही. रमाबाईंच्या नंतर लगेच वाचलं तर मजा येते, जेवणानंतर झणझणीत ठेचा चाटल्यासारखं.

तांबडा_पांढरा

माझा शेवटचा आक्षेप आणि मग मी गप्प बसतो. पुस्तकात रमाबाई स्वतः कुठं आहेत? रानडे गेले आणि पुस्तक संपलं. जणू बाईचं आयुष्य १९०१ ला बंद.

पंचगंगेकाठची

हा आक्षेप खरा आणि ह्याच्यावर माझ्याकडं वकिली नाही. फक्त पुढचं सांगते.

रानडे गेले तेव्हा रमाबाई एकोणचाळिसाव्या वर्षात. मूलबाळ नाही. साधारण वर्षभर घराबाहेर पडल्या नाहीत, आणि नंतर ज्या पडल्या त्या शेवटपर्यंत. तुरुंगातल्या बायकांना भेटायला जायच्या. १९०८ ला मुंबईत सेवासदन सुरू झालं त्याच्या अध्यक्ष, १९०९ ला पुण्याचं सेवासदन. विधवा आणि परित्यक्ता बायकांना शिकवायचं, नर्सिंगला पाठवायचं, जेव्हा चांगल्या घरची बाई नर्स होणं म्हणजे लोकांना धक्काच वाटायचा. मग मुलींना सक्तीचं प्राथमिक शिक्षण द्या म्हणून पुण्यात चळवळ, बायकांना मताचा हक्क द्या म्हणून चळवळ. १९२४ ला गेल्या. १९६२ ला टपाल खात्यानं त्यांच्यावर तिकीट काढलं.

म्हणजे १९१० ला पुस्तक छापायला दिलं तेव्हा ही बाई स्वतःच दोन शहरांत संस्था चालवत होती, आणि पुस्तकात त्यातलं काही नाही. 'आमच्या आयुष्यातील' असं नाव आणि त्यातलं अर्धं आयुष्य गाळलेलं, आपलं. नवऱ्याचं प्रायश्चित्त ठेवलं आणि स्वतःचं सेवासदन गाळलं, कमाल आहे. निपाणीची सून म्हणते तसा मला इथं रमाबाईंचाच राग येतो.

निपाणीची_सून

राग कशाला ताई. ज्या घरात इंग्रजी वाचलं म्हणून बोलणी खाल्ली त्या घरातली बाई 'मी संस्था काढली' असं कुठल्या तोंडानं लिहील? नवऱ्याच्या आठवणी म्हटलं की कुणी नाव ठेवत नाही. चारशे गोष्टी सांगून घेता येतात त्या नावाखाली. स्वतःच्या पण, अधेमधे.

तांबडा_पांढरा

हां. हे पटलं. मग आता परत वाचावं लागणार, कॉलेजातली कॉपी कधीच कुणीतरी ढापली. ताई तुमचं वाचून झालं की परत कधी करताय वाचन मंदिरात?

पंचगंगेकाठची

शनिवारी. पण आधी आमच्या ह्यांचा नंबर आहे, काल रात्री गुपचूप वाचत बसलेले सापडले. धुळ्यापर्यंत पोचलेत.

मंगळवारपेठी

मिस्टरांना म्हणावं पहिलं कोल्हापूरचं वाचा, धुळं काय पळून जात न्हाई 😀